न फुटणारं रक्त

दादा बरा झाला असता, तर त्याच्या पदरात काय पडलं असतं? टायर. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये जॅक लावा, चाक उतरवा, दुसरं चढवा आणि संध्याकाळी कंबरेवर हात ठेवून घरी या. घरी गॅसची टाकी बदला, पाण्याचे कॅन वर आणा, गादी उन्हात टाका. आणि आजारी राहून काय मिळत होतं? स्टोअरच्या खिडकीमागची पंख्याखालची खुर्ची. सुटे भाग मागायला येणाऱ्या प्रत्येकावर खेकसायचा अधिकार. घरात पहिला चहा आणि भांडणात शेवटचा शब्द. शिवाय कुठल्याही जड वस्तूकडे त्याने नुसतं पाहिलं, तरी वहिनीचं "अहो, तुम्ही राहू द्या". दोन्ही बाजू मांडून बघितल्या, तर कोणीही शहाण्या माणसाने आजाराच्या बाजूनेच कौल दिला असता. दादाने आजार मागून घेतला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो त्याला आयता मिळाला होता. दादाने फक्त तो नीट सांभाळला.

मिळाला तो असा. डेपोत दरवर्षी सगळ्यांचं रक्त तपासत. डेपोच्या दवाखान्यात कोपऱ्यात एक जुनं यंत्र होतं, फ्रीजएवढं, चालू केलं की घरघरायचं. एका वर्षी त्या यंत्राने दादाच्या प्लेटलेट मोजल्या आणि जो आकडा दिला, तो पाहून डेपोच्या डॉक्टरांनी चष्मा पुसला. एवढ्या प्लेटलेट एका माणसात मावायला नकोत. त्यांनी पुन्हा रक्त काढलं, यंत्राने पुन्हा तेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, रक्त घट्ट होतंय, कुठेही गुठळी होईल, जपा. रक्त पातळ करायची रोजची एक गोळी सुरू झाली, हलक्या कामाची चिठ्ठी मिळाली आणि टायरवाला दादा स्टोअरमध्ये गेला. पुढच्या वर्षी आकडा तोच. त्याच्या पुढच्याही वर्षी तोच. वर्कशॉपची पोरं त्याला 'काचसामान' म्हणायला लागली. दादाने ते नाव पदवीसारखं मिरवलं.

मध्ये एकदा डेपोचं यंत्र बंद होतं म्हणून त्याने बाहेरच्या लॅबमध्ये रक्त दिलं, तर प्लेटलेट अगदी तुमच्या-आमच्यासारख्या आल्या. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. दादा तो रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये परत गेला आणि त्यांच्याशी भांडला. एवढा जुना आजार ज्यांना सापडत नाही त्यांनी लॅब कशाला उघडावी, असं त्याचं म्हणणं होतं.

अशा ह्या दादाला एक बहीण होती, सगळ्यांत धाकटी. ती आणि तिचा नवरा फ्रेमचं दुकान चालवायचे. नवरा लाकडाच्या पट्ट्या कापायचा, काच कापणं धाकटीकडे. हिऱ्याची कलम काचेवरून एकदाच ओढायची, खालून टिचकी मारायची आणि काच सांगितल्यासारखी तुटायची. तिचा हात कधी चुकला नाही. त्या वर्षी मात्र चुकायला लागला. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या, पाळी आली की थांबत नव्हती. चेहरा जुन्या कागदासारखा झाला होता आणि दुकानाचा जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसून घ्यायची. गिऱ्हाईक दिसलं की फ्रेम निरखत असल्याचं सोंग करायची.

इस्पितळातल्या सर्जनने सांगितलं की गर्भाशय काढावं लागेल, आणि लवकर. पण अंगात रक्तच नाही. आधी रक्त चढवायचं, हाताशी दोन पिशव्या राखीव ठेवायच्या, मग सुरी हातात घ्यायची. धाकटीचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. रक्तपेढीचा फ्रीज ओ पॉझिटिव्हने भरलेला. नवऱ्याला वाटलं, चला, निदान एक गोष्ट सोपी आहे.

ती सोपी नव्हती. पिशवी देण्याआधी रक्तपेढीत तिचं रक्त आणि पिशवीतलं रक्त एकमेकांशी जुळतंय का ते बघतात. पहिली पिशवी जुळली नाही. दुसरी नाही. तिसरी, चौथी, तंत्रज्ञाने फ्रीजचा एक अख्खा कप्पा रिकामा केला आणि प्रत्येक नळीत तेच. पेशींच्या गुठळ्या. सगळ्या जगाच्या रक्ताशी धाकटीच्या रक्ताचं भांडण होतं, फक्त स्वतःशी तेवढं पटत होतं.

रक्तपेढीच्या प्रमुख एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बुटक्या, पायात कापडी बूट, बोलण्यात मीठ कमी आणि तिखट जास्त. त्यांनी धाकटीच्या नवऱ्याला समोर बसवलं आणि समजावलं. लोकांना ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह माहीत असतं आणि त्यांना वाटतं, संपलं. पण लाल पेशीच्या अंगावर शेकड्यांनी खुणा असतात आणि त्यांची वेगवेगळी घराणी असतात. बहुतेक घराण्यांचं नावसुद्धा कोणी ऐकलेलं नसतं, कारण ती बहुतेकदा त्रास देत नाहीत. किड नावाचं एक घराणं आहे. त्यातली एक ना एक खूण जवळजवळ प्रत्येक माणसाकडे असते. हजारो माणसांत एखाद्याकडेच त्यातली एकही नसते. तुमची बायको तशी आहे.

"आणि तिच्या शरीराला त्या खुणेचा राग कधी आला?" बाईंनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच शोधून काढलं. धाकट्या मुलाच्या वेळी एक पिशवी चढवली होती. आठवड्याभराने तिचे डोळे पिवळे झाले होते. घरातल्यांनी कावीळ झाली असं ठरवून तिला महिनाभर उकडलेलं खायला घातलं होतं. ती कावीळ नव्हतीच. शरीराने ती पिशवी पेशी-पेशीने फोडून टाकली होती आणि शत्रूचा चेहरा लक्षात ठेवला होता. आता तसलं रक्त पुन्हा गेलं, तर ह्या वेळी नुसत्या पिवळ्या डोळ्यांवर भागेल असं नाही, मूत्रपिंडं जातील, आणि तीही.

मग तिला चालेल असं रक्त कोणाचं? तिच्यासारख्याच माणसाचं. तो कुठे सापडेल? बाई म्हणाल्या, आधी घरात शोधा. सख्ख्या भावंडांत चारात एकाची शक्यता असते.

शोधायची पद्धत बाईंकडे होती आणि ती इतकी साधी होती की नवऱ्याला आधी फसवणूकच वाटली. दाट युरियाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा. कोणाच्याही पेशी त्यात युरिया ओढून घेतात, फुगतात आणि फटाफट फुटतात. गढूळ पाणी बघता बघता लाल काचेसारखं पारदर्शक होतं. पण किडची खूण ही नुसती खूण नसते, पेशीला युरिया आत घ्यायचं ते दार असतं. ज्याच्याकडे दारच नाही त्याच्या पेशी मजेत पोहत राहतात, पाणी गढूळच राहतं. धाकटीचं रक्त असंच गढूळ राहिलं होतं.

मधल्या भावाने आपलं दुकान बंद ठेवून धाव घेतली. नळी हातात घेऊन तो स्वतःच बघत बसला, जणू त्याने रोखून पाहिलं तर पेशी फुटायच्या थांबतील. पाणी स्वच्छ झालं. धाकटीच्या तिन्ही मुलांची पाणी स्वच्छ झाली. ते तसं होणारच होतं, बापाकडून त्यांना ते दार मिळालेलंच होतं, पण तपासून घ्यायचंच म्हणून मुलं ऐकेनात. मावसभाऊ, चुलतबहीण, सगळ्यांची पाणी अशी निर्मळ की बाईंना चीड यायला लागली.

"आणखी कोणी भावंड?" त्यांनी विचारलं.

नवरा आणि मधला एकमेकांकडे बघायला लागले. मधला म्हणाला, तसा थोरला एक आहे, पण त्याचं नाव धरू नका. त्याला रक्ताचाच आजार आहे, तो द्यायचा नाही, घ्यायचाच माणूस. कसला आजार, असं बाईंनी सवयीने विचारलं. प्लेटलेट भरमसाट वाढतात, वर्षानुवर्षं. कधी गुठळी झाली? नाही. कधी रक्तस्राव? तोही नाही. तपासतात कुठे? डेपोच्या दवाखान्यात, यंत्रावर. बाहेर कधी? एकदा, पण ती लॅब फालतू होती, त्यांना काही सापडलंच नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. नवऱ्याने पुढे सगळ्यांना सांगितलं की बाई त्या वेळी हसल्या. मधला म्हणतो की नाही, पण कापडी बूट मात्र टेबलाखाली नाचत होते. त्यांनी तिथूनच डेपोच्या दवाखान्यात फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला. प्लेटलेट मोजायच्या आधी तुमचं ते यंत्र लाल पेशी कशाने फोडतं? पलीकडच्या माणसाला बरणी उचलून लेबल वाचावं लागलं. युरिया, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. एका हातात रिपोर्टांची जाडजूड पिशवी, दुसरा हात मोकळा. पाण्याची बाटली, छत्री, डबा आणि दादाची शाल हे सगळं वहिनीच्या अंगावर. बसायला सांगायच्या आधी तो बसला, वहिनी उभी राहिली. बाईंनी ते पाहिलं आणि स्वतःची खुर्ची वहिनीकडे सरकवली.

दादाने सुरुवातीलाच सांगून टाकलं की बहिणीसाठी जीव तुटतो, पण आपलं रक्त तिला देणं म्हणजे तिला विष देणं आहे. तो मनापासून बोलत होता. बाईंनी ऐकून घेतलं, त्याच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं, मग आपल्या बोटातून. दोन नळ्या, सारखं पाणी. दोन्ही गढूळ झाल्या. बाईंनी मागे छापील कागद धरला, वर्तमानपत्राचं पान. जरा वेळाने बाईंच्या नळीतून अक्षरं दिसायला लागली, मग स्पष्ट वाचता आली. दादाच्या नळीत नुसता लाल गाळ. तेवढ्या वेळात बाईंनी त्याच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतली. वहिनी बाईंच्या नळीतून हवामानाची बातमी वाचून मोकळी झाली. दादाची नळी तशीच.

"बघितलंत," दादा समाधानाने म्हणाला. "किती घट्ट आहे."

"घट्ट नाही. चिवट आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या लाल पेशी युरियात फुटत नाहीत. डेपोचं यंत्र समजतं की लाल सगळ्या फुटल्या, आता जे उरलं त्या प्लेटलेट. म्हणून इतकी वर्षं ते तुमच्या लाल पेशीच मोजतंय. बाहेरची लॅब युरिया वापरत नाही, म्हणून तिचा आकडा खरा होता. तुमच्या प्लेटलेट माझ्याएवढ्याच आहेत. आत्ताच काचपट्टीवर बघितल्या."

"म्हणजे मी आजारी नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

दादाने जरा विचार केला. "थोडासुद्धा?"

वहिनीने शाल, छत्री, डबा आणि बाटली एकेक करून टेबलावर ठेवली.

खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माणसाच्या हातातून आजार काढून घेणं सोपं नसतं, त्यातून तो इतका फायद्याचा. दादा म्हणाला, मला विचार करायला वेळ हवा. डेपोतल्या डॉक्टरांना विचारायला हवं. एवढी वर्षं गोळी चालू आहे, ती एकदम बंद केली तर? सुई टोचल्यावर रक्त थांबलंच नाही तर? हे सगळं तो बाईंना सांगत होता, पण बघत होता वहिनीकडे. वहिनीने इतकी वर्षं टाक्या ओढल्या होत्या, गाद्या उचलल्या होत्या, घर बदललं तेव्हा शिलाई मशीन तिने आणि शेजारणीने मिळून चढवलं होतं आणि दादा वरून दिशा दाखवत होता. आज ती म्हणेल ते ऐकून घ्यायची तयारी करून तो बसला होता.

"मी काही म्हणत नाही," वहिनी म्हणाली. "आधी वर जाऊन तिला भेटून या."

दादाला ते बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं. तो वॉर्डात गेला. धाकटी उशीला टेकून पडली होती, ओठांचा रंग गालांसारखाच. खाटेखाली नवऱ्याने आणलेल्या चपला, लोखंडी कपाटावर अर्धं सफरचंद. दादाला बघून ती उठायला लागली. स्वतः पडल्या पडल्या तिने नवऱ्याला नजरेने सांगितलं की दादाला स्टूल दे. नवऱ्याने दिलं. ती म्हणाली की खाली काय चाललंय ते कानावर आलंय.

"तू नको हं पडूस त्यात, दादा," ती म्हणाली. "तुला झेपायचं नाही. माझं होईल काहीतरी."

शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी मान वळवून विचारलं की यांना काय झालंय. धाकटी त्यांना सांगायला लागली की माझा थोरला भाऊ, फार नाजूक तब्येत, आम्ही सगळे त्याला जपतो. बोलता बोलता तिला धाप लागली. धाप आवरून तिने पुन्हा सांगायला सुरुवात केली.

दादा स्टुलावरून उठला.

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. एवढ्या मोठ्याने की वॉर्डातल्या सगळ्या खाटांनी ऐकलं. "ठणठणीत आहे मी. आयुष्यभर ठणठणीतच होतो."

आणि खाली येऊन त्याने बाही वर सारली.

रक्त काढताना तो डोळे मिटून होता, पण सुई निघाल्यावर कापूस दाबून ठेवा म्हटल्यावर त्याने तो उचलून पाहिला. रक्त थांबलं होतं. कोणत्याही सामान्य माणसाचं थांबतं तसं. दादाला ते बघून आनंद झाला की वाईट वाटलं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्याने बिस्किटं मात्र दोन माणसांची खाल्ली.

तंत्रज्ञाने त्याचं आणि धाकटीचं रक्त एकत्र केलं. नळी फिरवली, हलवली, उजेडात धरली, भिंगातून पाहिली. गुठळी नाही. बाईंनी स्वतः पाहिलं. नाही. इतके दिवस त्या खोलीत प्रत्येक नळी भांडत होती; ह्या नळीत सख्खी भावंडं निवांत बसली होती. तंत्रज्ञाने टाळी वाजवली आणि बाईंनी त्याला ओरडायच्या ऐवजी चहा सांगितला.

आता उरले सर्जन. त्यांची अट दोन पिशव्यांची, आणि दादाच्या अंगातून लगेच दुसरी पिशवी काढता येत नाही. बाई त्यांच्या खोलीत गेल्या. बाहेर जे ऐकू आलं ते लग्नाच्या बैठकीतल्या घासाघिशीसारखं होतं. दोन. एक. दोन, नाहीतर नाही. एक, शिवाय शिरेतून लोहाची इंजेक्शनं, पाळी थांबवणारं इंजेक्शन, आणि ऑपरेशनमध्ये वाहिलेलं तिचं स्वतःचं रक्त धुऊन तिलाच परत देणारं यंत्र. ते यंत्र आपल्याकडे नाही, सर्जन म्हणाले. मी मागवून घेतलंय, बाई म्हणाल्या. मग सर्जन म्हणाले की तुम्ही आधीच ठरवून आलात तर विचारता कशाला. रीत म्हणून, असं बाई म्हणाल्याचं सांगतात.

काही आठवडे इंजेक्शनं झाली. धाकटीच्या ओठांना रंग आला. पिशवीची मुदत संपायच्या आत ऑपरेशन ठरलं. गाठी वाटल्या होत्या त्याहून मोठ्या निघाल्या, एका ठिकाणी रक्त धो धो सुटलं आणि सर्जनने मान वर न करता म्हटलं, "भावाची लावा." पिशवी लागली. दादाच्या चिवट पेशी थेंबाथेंबाने बहिणीत उतरल्या, आणि कोणीही त्यांना हटकलं नाही. रक्तदाब सावरला. दुपारी धाकटीला बाहेर आणलं तेव्हा तिने पहिलं विचारलं ते हे, की दादाला चक्कर तर नाही ना आली.

मग सगळे तिच्या डोळ्यांकडे टक लावून बसले. आठवडा गेला. डोळे पांढरेशुभ्र राहिले. बाई स्वतः वर आल्या, धाकटीची खालची पापणी ओढून पाहिली आणि नर्सला म्हणाल्या, हिला आता घरी पाठवा, इथे निरोगी माणसांसाठी जागा नाही. त्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या, त्यांचं बघून पूर्ण वॉर्डाने. महिन्याभराने धाकटीने काचेवरून कलम ओढली, टिचकी मारली, आणि काच जिथे तुटायची तिथेच तुटली.

दादा डेपोत गेला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. वर्कशॉपच्या पोरांनी बसचं सगळ्यांत मोठं चाक त्याच्यापुढे उभं केलं आणि गोल करून उभी राहिली. दादाने ते उचललं. उचलून खाली ठेवलं नाही, मिरवत शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, आणि पोरांनी 'काचसामान, काचसामान' असा गजर केला. काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. दुसऱ्या कुठल्या शहरात एक बाळंतीण, तिचंही रक्त कोणाशीच जुळत नाही, देशभरात नोंदलेली अशी माणसं बोटांवर मोजण्यासारखी, त्यात तुम्ही. दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. आता त्याच्याकडे मिरवायला आजारापेक्षा मोठी गोष्ट होती, आणि ती दर थोड्या महिन्यांनी नव्याने तयार व्हायची.

तर कोणी काय भरलं? धाकटीने गर्भाशय दिलं आणि जीव राखला. सौदा वाईट नाही. सर्जनने एक पिशवी सोडली. डेपोने चांगला टायरवाला इतकी वर्षं खिडकीत बसवून ठेवला होता, ते नुकसान त्याचं त्यालाच. दादाने एक पिशवी रक्त आणि एक अख्खा आजार दिला, आणि ह्यातलं दुसरं जास्त दुखलं असं तो स्वतः कबूल करतो. पण सगळ्यांत मोठी रक्कम वहिनीची, आणि तिने ती आगाऊच भरून ठेवली होती. ती परत करणं अजून चालू आहे. परवा लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर न्यायचं होतं. दादा खालून खांदा लावून पायरी-पायरीने ढकलत होता, घामाघूम, आणि वहिनी वरच्या पायरीवर बसून चहा पीत त्याला दिशा दाखवत होती.